रेफरीच्या पाया पडू नये

नाटकात एखादं पात्र असं असतं, की ते पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत रंगमंचावरच असतं, आणि तरीही घरी जाताना प्रेक्षकांना ते आठवलं तर प्रयोग बिघडला असं समजायचं. फुटबॉलमध्ये त्या पात्राला रेफरी म्हणतात. चंद्रशेखर साळोखे ही भूमिका सिंगापुरात पंधरा-सोळा वर्षं करत होते आणि इतकी चोख करत होते, की त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. पोरं त्यांना ‘अंकल रेफ’ म्हणत.

दिवसा ते तुआसच्या एका शिपयार्डात वेल्डिंग तपासत. राहायला पासिर रिसला. म्हणजे MRTच्या, तिथल्या मेट्रोच्या, हिरव्या लाइनच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला नोकरी. मधलं सगळं सिंगापूर खिडकीतून बघायचं. आठवड्यातून दोन संध्याकाळी मात्र ते मध्येच उतरत, युनिव्हर्सिटीच्या मैदानावर जात आणि बॅगेतला काळा ड्रेस अंगावर चढवत. तिथल्या निवासी कॉलेजांची आपसात दरवर्षी लीग असते. जानेवारीत सुरू होते आणि एप्रिलच्या परीक्षेआधी उरकते. सहा कॉलेजं, प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ. बक्षीस म्हणजे एक चषक आणि वर्षभर मिरवायची सोय.

साळोखे मूळचे कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की रस्सा आणि चपला आठवतात. कोल्हापूरकराला फुटबॉल आठवतो. तिथे टीम पेठेची असते, तालमीची असते, आणि पेठेची टीम हरली तर त्या दिवशी पेठेतल्या लग्नातसुद्धा वाजंत्रीवाले हात राखून वाजवतात. आणि रेफरी? तो मैदानाबाहेर कसा गेला, चालत, पळत की पोलिसांच्या गाडीतून, एवढं बघितलं की मॅच कशी झाली ते कळतं.

साळोखे स्वतः डिफेन्सला खेळत. खेळत म्हणजे, समोरचा माणूस सुटून गेला की मागून ओरडत. पुढे इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झाला, मुंबईच्या गोदीत काही वर्षं गेली, सुरेखाशी लग्न झालं आणि सिंगापूरची नोकरी मिळाली. त्यांच्या मुलीचा, जाईचा, जन्म इथलाच. एका वर्षी शिपयार्डच्या डिपार्टमेंटांच्या मॅचला नेमलेला रेफरी आलाच नाही. मोठ्या साहेबाने विचारलं, “इथे सगळ्यात कमी भांडणारा कोण?” सगळ्यांनी एकदम साळोख्यांकडे बोट केलं. शिट्टी ओठांत धरली आणि साळोख्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं, की मैदानात आपण बरोबर जागी उभे आहोत.

मग त्यांनी रीतसर परीक्षा दिल्या. दरवर्षी पळण्याची चाचणी दिली. साठी ओलांडली तरी पास होत होते.

त्यांचं सुख एकाच गोष्टीत होतं. ‘तू कुणाचा?’ हा प्रश्न कोल्हापुरात माणसाला नाव ठेवायच्या आधी विचारतात. इथे तो कुणी विचारला नव्हता. चिनी पोरांना हा माणूस आपला वाटत नसे, मलय पोरांना वाटत नसे आणि भारतातून आलेल्या पोरांनाही वाटत नसे. हरलेला कॅप्टन शेवटी हात मिळवून जाई. हा माणूस कुणाचाच नाही, एवढी त्यांची ख्याती होती आणि तेवढीच ते जपत होते.

त्या ख्यातीला धक्का लागला तो एका नमस्काराने.

त्या वर्षी लीगमधलं साऊथ हिल हे सगळ्यात लहान कॉलेज होतं आणि सवयीने तळाला असायचं. त्यांचा आधीचा गोलकीपर स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी होता. बॉल कुठे येण्याची शक्यता जास्त, हे तो अचूक सांगे; फक्त स्वतः तिथे पोचत नसे. यंदा त्यांना नवा गोलकीपर मिळाला होता, एम.एस. करायला आलेला, उंच, लांब हातांचा, प्रणव नावाचा. पहिलीच मॅच गेल्या वर्षीच्या विजेत्या लेकसाइड कॉलेजशी.

मॅचच्या आधी दोन्ही टीम रांगेत उभ्या राहतात, एकमेकांशी आणि रेफरीशी हात मिळवतात. साळोखे हात पुढे करून उभे होते. साऊथ हिलच्या रांगेत शेवटी गोलकीपर. तो समोर आला, आणि हात मिळवायच्या ऐवजी कमरेत वाकला, मोजे-बूट घातलेल्या त्यांच्या दोन्ही पायांना त्याने हात लावला आणि ते हात कपाळाला नेले.

“काका, मी शिवाजी पेठेतला. आईनं सांगितलंय, साळोखेकाका भेटले की आधी पाया पडायचं.”

आता इथे साळोख्यांनी काय करायला हवं होतं ते पुढे पुष्कळांनी त्यांना सांगितलं. मागे सरकायला हवं होतं, हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण साठ वर्षांची सवय माणसाला विचारून काम करत नाही. आपल्याकडे नमस्कार रिकामा परत पाठवत नाहीत. साळोख्यांचा उजवा हात आपोआप उठला, पोराच्या डोक्यावर गेला आणि खणखणीत आवाजात ते म्हणाले, “यशस्वी हो!”

आणि मग त्यांनी मॅच सुरू करण्याची शिट्टी वाजवली.

मॅच साऊथ हिलने एक-शून्य जिंकली. त्यांच्यावर साळोख्यांनीच एक पेनल्टी दिली होती, अगदी खरी. ती प्रणवने डावीकडे झेपावून अडवली.

लेकसाइडचा स्ट्रायकर अनिमेष भोपाळचा होता. तीच पेनल्टी त्याने मारली होती. खेळ संपल्यावर तो साळोख्यांसमोर येऊन उभा राहिला. घाम पुसत हिंदीत म्हणाला, “अंकल, आपने उसको क्या बोला था? यशस्वी हो?”

“हाँ बेटा, वो तो...”

“आपने बोला और वो हो गया. हमको क्या मिला? हैंडशेक.”

साळोख्यांना हसू आलं. अनिमेषला आलं नाही.

घरी पोचेपर्यंत ती गोष्ट त्यांच्या आधी पोचली होती. कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केलं होतं. जाई चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत काम करते. तिच्या मैत्रिणीचा भाऊ लेकसाइडला. ती सोफ्यावर पाय घेऊन बसली होती आणि तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होती.

“बाबा, यू ब्लेस्ड हिम! किक-ऑफच्या आधी! ऑन कॅमेरा, लाह!” जाईचं बोलणं इथलं, वाक्याला ‘लाह’ची शेपटी लावणारं.

“अगं, पोरगं वाकलं. मग काय करू?”

“नॉट ब्लेस हिम?”

“म्हणजे नुसता बघत राहू? त्याच्या आईला काय वाटेल?”

स्वयंपाकघरातून सुरेखा म्हणाल्या, “अहो, पण आशीर्वाद दुसरा नव्हता का? ‘सुखी राहा’ म्हणायचं. ‘शतायुषी हो’ म्हणायचं. नेमकं यशस्वीच का?” सुरेखा पुण्याच्या. चूक झालीच असेल तर ती निदान नीट शब्दांत व्हावी, असं त्यांचं मत.

“तोंडातून जे आलं ते आलं,” साळोखे म्हणाले, आणि जेवायला बसले. त्यांना वाटलं, संपलं.

संपलं कसलं! खेळाडू म्हणजे नटाचा सख्खा भाऊ. एकदा उजवा पाय आधी टाकून प्रयोग रंगला, की जन्मभर विंगेतून उजवाच पाय आधी येतो. साऊथ हिलच्या पुढच्या दोन मॅचना दुसरा रेफरी होता, त्या दोन्ही त्यांनी बरोबरीत सोडवल्या. चौथ्या मॅचला साळोखे आले. हात मिळवायची वेळ झाली आणि साऊथ हिलचा चिनी कॅप्टन पुढे येऊन गंभीर चेहऱ्याने वाकला. त्याच्या मागचा मलय डिफेंडर वाकला. त्याच्या मागचा सरदार तर इतका मनापासून वाकला, की त्याचा पटका साळोख्यांच्या गुडघ्याला लागला. सगळी रांग एकामागून एक वाकायला लागली.

साळोखे मागे सरले, आणखी मागे सरले, सेंटर सर्कलच्या बाहेर गेले, आणि शेवटी काहीच सुचेना तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली. खेळ सुरू व्हायच्या आधी फाउलची शिट्टी वाजल्याचं त्या मैदानाने पहिल्यांदाच ऐकलं.

“नो! नो फीट! हँडशेक ओन्ली!”

“बट अंकल, प्रणव सेज युअर हँड व्हेरी लकी, लाह.”

साळोख्यांनी प्रणवकडे बघितलं. प्रणव बुटाची नाडी बांधायला खाली बसला.

त्या संध्याकाळी परतीच्या MRTत तो नेमका त्याच डब्यात चढला आणि शेजारी येऊन बसला. साळोखे उठून उभे राहिले.

“बसा की ओ काका. माझं काही चुकलं का?”

“तुझं चुकलं नाही. माझं चुकलं. पण आता ऐक. माझ्या शेजारी बसायचं नाही. सीझन संपेपर्यंत मी तुला ओळखत नाही आणि तू मला ओळखत नाहीस.”

“पण आई विचारते, काका कसे आहेत म्हणून.”

“तिला सांग, दिसले नाहीत.”

“खोटं सांगू?”

“मग सांग, लांबून दिसले. बरे आहेत.”

प्रणवला हसू फुटलं. साळोख्यांनी तोंड खिडकीकडे केलं. खिडकीच्या काचेत त्यांना स्वतःचंही हसू दिसलं, म्हणून ते पुढच्या डब्यात निघून गेले.

साऊथ हिल मात्र खरोखरच चढत होतं. आशीर्वादाचा त्यात काही भाग नव्हता. मागे भरवशाचा गोलकीपर आला की पुढचे दहा जण ताठ मानेने खेळतात, एवढंच. पण मार्च उजाडेपर्यंत ते दुसऱ्या नंबरावर आले, मग पहिल्या, आणि अशी वेळ आली की सीझनची शेवटची मॅच साऊथ हिल आणि लेकसाइड यांच्यात, आणि चषकही त्यावरच. साऊथ हिलला बरोबरी पुरत होती. लेकसाइडला जिंकणं भाग होतं. पाळीप्रमाणे रेफरी होते साळोखे.

लीगचा सेक्रेटरी रझाली. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेला, गोल चेहऱ्याचा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. त्याने साळोख्यांना हॉकर सेंटरवर, म्हणजे तिथल्या स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांत, चहाला बोलावलं आणि चहा निम्मा होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग म्हणाला, “चंद्रा, लेकसाइडच्या कोचनी तक्रार केलीये. ओंग चांगला माणूस आहे, उगाच करत नाही. मला विचारलंच पाहिजे. तो गोलकीपर तुला काय हाक मारतो?”

“काका.”

“काका म्हणजे?”

“अंकल.”

“म्हणजे तू त्याचा अंकल.”

“तसला अंकल नाही रे. तू टॅक्सीवाल्याला अंकल म्हणतोस ना, तसला.”

“मी टॅक्सीवाल्याच्या पाया पडत नाही, लाह.”

साळोख्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की तो आमच्या पेठेतला आहे, पेठ म्हणजे गल्ल्यांचा समूह, आम्ही नातेवाईक नाही, पण त्याच्या आईला माझी चुलतबहीण ओळखते. जसजसं ते सांगत गेले, तसतसा रझालीचा चेहरा लांब होत गेला.

“चंद्रा, तू जितकं सांगतोस तितका तू त्याचा अंकल वाटायला लागतोस.”

“मग काय करू?”

“मी नियम बघितले. रेफरीच्या पाया पडू नये असा नियम नाही. तेव्हा मी तुला काढू शकत नाही. पण तू स्वतः म्हणालास की बरं नाही, तर मी दुसरा माणूस बघतो. कुणी काही बोलणार नाही. तू ठरव.”

सुरेखांचं मत सरळ होतं. “नाही म्हणा. एवढ्या वर्षांत एक मॅच सोडली तर आकाश कोसळत नाही.”

“आज सोडली, तर मी त्या पोराचा माणूस आहे हे मीच कबूल केलं असं होईल.”

“आणि नाही सोडली, तर तुमची प्रत्येक शिट्टी लोक तोलून बघतील.”

“बघू देत.”

सुरेखा भाजी निवडायला बसल्या. त्यांना माहीत होतं, हा माणूस मॅचमध्ये भांडत नाही ते घरासाठी शिल्लक ठेवतो.

त्या आठवड्यात साळोख्यांच्या मनात आबा सारखे येत होते, त्यांचे वडील. महायुद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आबा कोल्हापुरात कॉलेजच्या टीममध्ये खेळत. लढाईनंतर लष्कराचं जुनं सामान बाजारात विकायला आलं होतं, त्यातले दोन मापं मोठे बूट आबांनी घेतले होते, पुढे चिंध्या कोंबून ते घालत. त्या वर्षी त्यांच्या टीमचा सीझन अफाट गेला. शेवटच्या मॅचला रेफरी आबांचे सख्खे मामा, शाळामास्तर, करारी म्हणून गाजलेले. आबांनी गोल मारला. मामांनी हात वर केला: ऑफसाइड. डोळे असलेल्या प्रत्येक माणसाने बघितलं होतं, की आबा चांगले दोन हात मागे होते. मॅच गेली. सीझन गेला. मामांचा मात्र गावाने सत्कार केला, भाच्याचा गोल नाकारणारा रेफरी म्हणून. घरातही ती गोष्ट अभिमानाने सांगत. फक्त आबा ती सुरू झाली की पाणी प्यायला उठत. म्हातारपणी एकदाच, कुणी विचारलं नसताना, ते म्हणाले होते, “मामा त्या दिवशी मॅच बघत नव्हता. स्वतःकडं बघत होता.”

साळोख्यांनी रझालीला फोन केला आणि सांगितलं, मी येतो.

शेवटच्या मॅचला गर्दी होती. दिवे लागले होते, हिरव्या कृत्रिम गवतावर खेळाडूंच्या चार-चार सावल्या पडत होत्या. रांग लागली. साऊथ हिलच्या पोरांनी शिस्तीत हात मिळवले. प्रणवने नजर खाली ठेवून हात मिळवला, जणू तिकीट तपासून घेतोय. लेकसाइडचे कोच ओंग, बारीक, टोपी घातलेले, मैदानात येऊन साळोख्यांना म्हणाले, “अंकल, आज मी तुमच्याकडेच बघणार आहे.”

“बघा ना. त्यासाठीच तर एवढे दिवे लावलेत.”

खेळ चांगला झाला. साऊथ हिलने गोल केला, मध्यंतरानंतर अनिमेषने तो फेडला. साळोखे नेहमीसारखे पळत होते, बॉलच्या मागे तिरके. पण शिट्टी वाजवली की दोन्ही बाजूंनी एक आवाज उठत होता, जो आधी कधी नसायचा. साऊथ हिलच्या बाजूने दिली, की लेकसाइडचे प्रेक्षक हात जोडून कमरेत वाकत. लेकसाइडच्या बाजूने दिली, की साऊथ हिलची पोरं एकमेकांकडे बघत, की हा आता आम्हाला कापून स्वतःला धुऊन घेणार. साळोख्यांना दोन्ही कळत होतं. ते आणखी जवळ पळत राहिले.

शेवटच्या काही मिनिटांत एक-एक बरोबरी होती. लेकसाइडने लांब बॉल टाकला. अनिमेष दोन डिफेंडरांच्या मधून सुटला. समोर फक्त प्रणव. प्रणव गोल सोडून पुढे आला आणि त्याच्या पायांत झेपावला. साळोखे दहा-बारा पावलांवर होते आणि त्यांना दिसलं: प्रणवच्या डाव्या हातमोज्याची बोटं बॉलला लागली, बॉल बाजूला ढकलला गेला, आणि मग अनिमेष त्याच हातावर अडखळून पालथा पडला. बॉल घरंगळत गोललाइनच्या बाहेर गेला.

मैदानाच्या एका बाजूने एकच आरोळी उठली: पेनल्टी!

लाइनवरच्या माणसाने निशाण उचललं नव्हतं. त्याच्या आणि बॉलच्या मध्ये एका डिफेंडरची पाठ होती. म्हणजे ते जे घडलं ते नीट बघणारे त्या सगळ्या मैदानात तिघेच. एक जमिनीवर पडला होता, एक त्याच्या शेजारी, आणि तिसऱ्याच्या हातात शिट्टी होती.

पेनल्टी दिली तर? कोच ओंग टोपी काढतील. रझाली सुटकेचा श्वास टाकेल. तो व्हिडिओ लोक विसरतील. साळोखे कुणाचेच नाहीत, हे सगळ्या युनिव्हर्सिटीसमोर एका बोटाने सिद्ध होईल. आणि कुणी चुकलं असंही म्हणणार नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती पेनल्टीच दिसत होती.

तेवढ्यात प्रणव उठला. त्याने निषेध केला नाही, हात वर केले नाहीत. साळोख्यांकडे बघितलंही नाही. मुकाट्याने मागे गेला, गोललाइनवर दोन खांबांच्या मधोमध उभा राहिला, हातमोजे घट्ट केले आणि पेनल्टी अडवायला तयार झाला. काका आता काय देणार, ते त्याने आधीच समजून घेतलं होतं.

साळोख्यांना ते फार लागलं. पोराने गृहीतच धरलं होतं, की हा माणूस आता आपला बळी देणार.

त्यांनी शिट्टी वाजवली आणि हात कॉर्नरच्या निशाणाकडे केला.

आरोळीची जागा शिव्यांनी घेतली, चार भाषांतल्या. लेकसाइडचा कॅप्टन अंगावर धावून आला, त्याला साळोख्यांनी पिवळं कार्ड दाखवलं. कॉर्नर घेतला गेला, बॉल डोक्यांवरून पलीकडे निघून गेला, आणि थोड्या वेळाने मॅच संपली. साऊथ हिलने त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा लीग जिंकली. पोरं एकमेकांवर कोसळत होती. त्यातून प्रणव बाहेर आला, दोन पावलं लांब उभा राहिला आणि हात पुढे करून म्हणाला, “थँक यू, रेफ.” साळोख्यांनी हात मिळवला.

लेकसाइडचं कुणीही हात मिळवायला आलं नाही. फक्त कोच ओंग आले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “अंकल, माझ्याकडे पुरावा नाही. फक्त डोळे आहेत.”

“माझ्याकडेही तेवढेच आहेत, कोच.”

मोबाइलवर घेतलेल्या चित्रीकरणात गोलचा खांब मधे येत होता. कितीही वेळा बघितलं तरी काही ठरत नव्हतं.

स्टेशनच्या सरकत्या जिन्यापाशी कुणीतरी मागून हाक मारली. अनिमेष होता, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, लंगडत येत होता. एकटाच.

“अंकल, बॉल उसने पहले छुआ था.”

“मुझे पता है.”

“मुझे लगा आप पेनल्टी दे देंगे. मैं तो गिरते-गिरते खुश हो गया था.”

अनिमेष जिन्याच्या कठड्याला टेकला. “मैं कोच को नहीं बता सकता. टीम मुझे जान से मार देगी.”

“मत बता. तुझसे किसी ने पूछा थोड़ी है. घुटना दिखा डॉक्टर को.”

“आपका नुकसान होगा.”

“वो मेरा है. तू घर जा.”

नुकसान झालं. पंधरवड्याने रझालीचा फोन आला. समितीची बैठक झाली होती. तक्रार सिद्ध झाली नाही, आणि खोटीही ठरली नाही. तेव्हा पुढच्या सीझनपासून साळोख्यांना साऊथ हिल आणि लेकसाइड यांच्या मॅच द्यायच्या नाहीत, असा मधला मार्ग निघाला होता. रझालीचा आवाज नेहमीपेक्षाही गोड होता, म्हणजे त्याला वाईट वाटत होतं.

“बाकी चार टीम आहेत की, चंद्रा. भरपूर मॅच मिळतील.”

“रझाली, दोन टीमना मी चालत नाही, तर बाकीच्या चारांना का चालावा? सगळ्यांची मॅच दे, नाहीतर कुणाचीच नको.”

“हे मी त्यांना सांगितलं, तर ते म्हणतील, कुणाचीच नको.”

“तर मग तसं म्हणू देत.”

“चंद्रा, एकच विचारू? पेनल्टी दिली असतीस तर हे काहीच झालं नसतं. साऊथ हिलची मुलंसुद्धा तयार होती. त्या वेळी तुझ्या मनात काय होतं?”

साळोख्यांनी खरंच आठवून बघितलं. “बॉल,” ते म्हणाले. “बॉल कुठे गेला ते बघत होतो.”

फोन ठेवून ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत शाळकरी मुली बॅडमिंटन खेळत होत्या. सुरेखा मागे येऊन उभ्या राहिल्या.

“झालं?”

“झालं.”

“वाईट वाटतंय?”

“वाटतंय. युनिव्हर्सिटीच्या स्टेशनवरून गाडी जाईल तेव्हा उतरायची सवय आहे पायांना. ती मोडेपर्यंत वाटेल.”

सुरेखांनी समजूत घातली नाही. तीस वर्षांत त्यांना हे शिकायला मिळालं होतं, की या माणसाला समजूत घातलेली आवडत नाही, काम सांगितलेलं आवडतं.

“मग आता तुम्ही कुणाचे रेफरी नाही ना? त्या पेठेतल्या पोराला रविवारी जेवायला बोलवा. मी मटण आणते, रस्सा तुम्ही करा. माझ्या हातचा तुम्हाला पुणेरी लागतो.”

साळोख्यांनी फोन हातात घेतला, पण लावला नाही. जरा विचार करून म्हणाले, “दोघांना बोलावतो. तो भोपाळचा आहे ना, अनिमेष, तोही इथे एकटाच असतो. गुडघा दुखत असेल त्याचा.”

“ज्याच्या कोचनी तुमची तक्रार केली तो?”

“तोच. चांगला स्ट्रायकर आहे गं.”

सुरेखा आत वळता वळता म्हणाल्या, “बोलवा. पण तो मटण खातो का, ते आधी विचारून घ्या.”